समुपदेशनाच्या तासाला कोण बोलतं?

शुक्रवारचा शेवटचा तास. नववी ‘ब’च्या वर्गात ६४ मुलं, पंखे दोन, त्यातला एक चालू. वेळापत्रकात त्या तासापुढे ‘समुपदेशन’ असं लिहिलेलं असे आणि तो तास माझ्याकडे होता, कारण जिल्ह्याच्या गावी झालेल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला शाळेने मला पाठवलं होतं. मी फळ्यावर ‘सकारात्मक विचार’ असं लिहायची आणि बोलायला लागायची. अपयशाने खचू नये, आईवडिलांच्या कष्टांची जाणीव ठेवावी, मोबाइल कमी वापरावा, ध्येय ठरवावं. पस्तीस मिनिटं बोलायची. मुलं ऐकायची, नाहीतर दप्तर भरायची. चार वर्षं मी हे मनापासून केलं. त्या चार वर्षांत त्या तासाला एकाही मुलाला स्वतःबद्दल एक वाक्य बोलायची संधी मी दिली नाही.

‘समुपदेशन’ हा शब्द शाळेत आला तो सरकारी कागदांवरून. त्याच्या पोटातच ‘उपदेश’ आहे, आणि शाळेत बहुतेक वेळा तेवढाच अर्थ उरतो: मोठ्यांनी सांगायचं, लहानांनी ऐकायचं. शहरातली मुलं आता ज्याला सरळ ‘थेरपी’ म्हणतात, त्यात बोलायचं असतं ते मुलाने. समोरचं माणूस विचारतं, थांबतं, पुन्हा विचारतं, आणि मुलाने सांगितलेल्यातलंच काही धरून दोघं मिळून पुढच्या आठवड्यापुरतं एक छोटं काम ठरवतात. दोन्हींना आपण एकच नाव दिलंय. त्यामुळे पहिलं केलं की दुसरं झालंच, असं आपल्याला वाटत राहतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की किशोरवयातल्या नैराश्यावर बोलण्यातून होणारा उपचार हा औषधासारखाच उपचार आहे. त्याला मात्रा असते, कालावधी असतो, तो देणाऱ्याला शिकावं लागतं आणि तो बंद दाराआड द्यावा लागतो. तो पुण्या-मुंबईतल्या ऐपतदार घरांपुरता राहता कामा नये. शाळा आणि ग्रामीण रुग्णालय यांच्यामध्ये कुठेतरी, नेमलेल्या आणि पगार मिळणाऱ्या माणसाकडून तो प्रत्येक मुलाला मिळाला पाहिजे. आणि ते होईपर्यंत वर्गभर व्याख्यानं देऊन ‘आमच्या शाळेत समुपदेशन होते’ असं अहवालात लिहिणं तरी आपण थांबवलं पाहिजे.

नैराश्य म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते गुडघ्यात डोकं घालून बसलेलं माणूस. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलात ते पुष्कळदा चिडचिड होऊन बाहेर पडतं. निदानाच्या निकषांतही मुलांच्या बाबतीत उदासपणाच्या जोडीला चिडखोरपणा धरलेला आहे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराचसा वेळ मन असं राहिलं, सोबत झोप बिघडली, भूक बदलली, खेळात-गाण्यात-मैत्रिणींत गोडी उरली नाही, आपण कशाच्याच लायकीचे नाही असं वाटायला लागलं, तर तो आजार असू शकतो. घरात मात्र त्याला दुसरीच नावं असतात. मुलगा असेल तर ‘माजलाय’, मुलगी असेल तर ‘नाटकं करते’. फार झालं तर ‘बाहेरचं’ बघायला माणूस बोलावतात.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. आठवीपर्यंत पहिल्या पाचांत. नववीच्या दिवाळीनंतर तिचं अक्षर बदललं. मराठीच्या बाईंना हे आधी कळतं, कारण निबंधाच्या वह्या आमच्याकडे येतात. ती अर्ध्या पानावर थांबायला लागली. मधल्या सुट्टीनंतर पोटात दुखतं म्हणून घरी जायला लागली. जंताच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, एका देवस्थानाला नेऊन आणलं. एकदा तिला मी थांबवून घेतलं तेव्हा ती म्हणाली, “बाई, मला काहीच नको वाटतं.” नऊ महिन्यांत तिने माझ्याशी बोललेलं ते एकमेव खरं वाक्य होतं. आणि मी तिला म्हटलं, “अगं, तू एवढी हुशार, असं वागून कसं चालेल?” दहावीनंतर ती शाळेतून गेली. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर, एकोणीस वर्षांची असताना, तिने स्वतःच्या पगारातून उपचार घेतले. दर बुधवारी पाऊण तास. मध्यंतरी ती भेटायला आली होती. मी विचारलं, तिथे काय करतात गं? ती म्हणाली, “बाई, तिथे मला कुणी हुशार म्हटलं नाही. मला विचारलं, नको वाटतं म्हणजे सकाळी उठल्यापासून काय काय नको वाटतं?”

हा प्रश्न मला त्या दिवशी विचारता आला असता. पाच वर्षं आधी.

अशी मुलं किती असतात? केंद्र सरकारसाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. ६४ मुलांच्या वर्गात हे प्रमाण चार-पाच मुलांवर येतं, म्हणजे जवळजवळ एक अख्खा बाक. नैराश्य असलेल्या सगळ्या वयांच्या माणसांपैकी ८५ टक्के उपचारांवाचून होती. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत मात्र आपण वर आहोत. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. हे विद्यार्थी सगळ्या वयांचे आहेत आणि प्रत्येक मृत्यूमागे नैराश्यच होतं असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण आजाराची मोजदाद आपल्याकडे होत नाही आणि मृत्यूंची होते, ही गोष्ट शिक्षक म्हणून मला रात्री झोपू देत नाही.

आता त्या बंद दाराआड होतं काय, ते जरा सविस्तर सांगते. बहुतेक पालकांना आणि माझ्यासारख्या शिक्षकांना ते ठाऊकच नसतं, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीवर आपण ‘नुसत्या गप्पा मारायचे हजार रुपये’ असा शेरा मारून मोकळे होतो.

समजा, दहावीतला एक मुलगा आहे. गुरांचं दूध काढून डेअरीला घालायचं काम त्याच्याकडे असे, संध्याकाळी तो कबड्डी खेळे. दोन महिन्यांपासून तो मैदानावर जात नाही, डेअरीला धाकटा भाऊ जातो, हा पडून राहतो. पडून राहिला की वाईट वाटतं, वाईट वाटलं की आणखी पडून राहतो. मन बरं झालं की मी उठेन, असं तो म्हणतो. एक उपचारपद्धती या गाठीचं दुसरं टोक धरते: मन बरं व्हायची वाट बघू नको, आधी एखादी हालचाल करून बघू. आठवड्याचा तक्ता आखतात. सकाळ-दुपार-संध्याकाळ काय केलं आणि तेव्हा दहापैकी किती बरं वाटलं, हे मुलाने स्वतः लिहायचं. पुढच्या भेटीत तक्ता समोर ठेवतात. गुरुवारी सहा का आहे रे? गुरुवारी डेअरीला गेलो होतो, तिथे मित्र भेटला. मग पुढच्या आठवड्यात डेअरी दोनदा. कबड्डी नको, अजून नको, फक्त मैदानापर्यंत चालत जाऊन यायचं. हे ऐकायला फार साधं वाटतं. पण तक्ता कोरा आला तर रागवायचं नाही, तो कोरा का राहिला तेच समजून घ्यायचं, आणि ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असं एकदाही म्हणायचं नाही, हे शिकावं लागतं. मला शिकायला फार जड गेलं.

दुसरी पद्धत विचारांवर काम करते. अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि अॅरन बेक यांनी १९५०-६०च्या दशकांत तिचा पाया घातला. एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. सहामाहीत गणितात २१ गुण पडले हे घडलेलं. ‘म्हणजे मी काही कामाचा नाही’ हा त्यावरचा निष्कर्ष. या दोहोंत अंतर आहे हे त्या मुलाला दिसत नाही, कारण आजारात ती दोन्ही एकच वाटतात. थेरपिस्ट तो निष्कर्ष खोडून काढत बसत नाही. तो मुलालाच पुरावा शोधायला लावतो, बाजूचाही आणि विरुद्धचाही.

तिसरी पद्धत नात्यांकडे बघते. कुणी गेलं का, कुणाशी बिनसलं का, आयुष्यात एकदम काही बदललं का? मराठवाड्यात दिवाळीच्या सुमाराला आईवडील ऊसतोडीला निघतात आणि मुलं चार-सहा महिने आजीकडे किंवा वसतिगृहात राहतात. दहावी झाली की मुलगी एकदम तालुक्याच्या कॉलेजात जाते, तिथे तिच्या बोलीला हसतात. हे बदल फार मोठे असतात आणि ते ‘सगळ्यांचंच होतं’ म्हणून कुणी त्यांची दखल घेत नाही. उत्तर युगांडात युद्धामुळे छावण्यांत राहणाऱ्या १४ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना या पद्धतीचे उपचार गटात देऊन पाहिले. २००७ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मुलींमधलं नैराश्य स्पष्ट कमी झालेलं दिसलं, मुलग्यांमध्ये तेवढं ठामपणे म्हणता आलं नाही. मुलगे आपसांत मन उघडायला जास्त वेळ घेतात, असं मला वर्गावरून वाटतं. त्यांना एकेकट्याने भेटावं लागत असेल.

हे उपचार लागू पडतात का? मी डॉक्टर नाही, पण चार वर्षं चुकीचं केल्यावर वाचायला लागले. अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या ४३९ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे चार गट होते: फक्त फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, फक्त विचार-वर्तनावर काम करणारी थेरपी, दोन्ही एकत्र, आणि नुसती औषधासारखी दिसणारी गोळी. १२ आठवड्यांनी दोन्ही मिळालेल्या गटात ७१ टक्के मुलं सुधारली होती, औषधाच्या गटात ६१ टक्के, थेरपीच्या गटात ४३ टक्के, नुसत्या गोळीच्या गटात ३५ टक्के. इथेच थांबलं तर थेरपी मागे पडली असंच कुणीही म्हणेल. पण हीच मुलं ३६ आठवड्यांपर्यंत पाहिली तेव्हा औषधाचा गट आणि थेरपीचा गट दोन्ही ८१ टक्क्यांवर आले होते, दोन्ही एकत्र मिळालेला गट ८६ वर. आणि नुसत्या औषधाच्या गटात आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न जास्त दिसले, थेरपी जोडलेली असली की कमी.

मला या अभ्यासातून एक गोष्ट शिकायला मिळाली, ती म्हणजे धीर. बोलण्याचा उपचार सावकाश चढतो. तो चढेपर्यंत मूल येत राहिलं पाहिजे. शहरात खाजगी भेटीला हजार-दीड हजार रुपये आणि वर कितीही पडतात. शेतमजुराच्या घरातलं, दुकानात काम करणाऱ्याच्या घरातलं मूल तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर बंद होतं. तेव्हा घरचे म्हणतात, करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. अर्धा कोर्स सोडलेल्या क्षयाच्या रुग्णाबद्दल आपण असं म्हणत नाही. त्याच्या घरी माणूस जातो, गोळी घेतली का विचारतो, आणि ती गोळी सरकार फुकट देतं.

औषधाला माझा विरोध नाही. नैराश्य तीव्र असेल तर औषध लागतं, आणि ते मानसोपचारतज्ज्ञाने ठरवायचं. ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यांत १२ ते १८ वर्षांच्या मुलांना मध्यम आणि तीव्र नैराश्यात बोलण्याचा उपचार आधी सुचवला आहे, आणि औषध द्यायचं तर त्याच्या जोडीने. आपल्याकडे तालुक्याच्या गावात क्रम उलटा होतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांसमोर साठ माणसांची रांग असते. पाच मिनिटांत चिठ्ठी लिहिण्यापलीकडे ते बिचारे काय करणार?

थेरपीची बाजू घेताना तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मुलांवरच्या मानसोपचारांच्या पन्नास वर्षांतल्या ४४७ अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१७ मध्ये मांडला गेला. त्यात चिंतेच्या आजारांवर बोलण्याचे उपचार चांगले लागू पडलेले दिसले, नैराश्यावर त्या मानाने कमी. म्हणजे ही जादूची कांडी नाही. काही मुलांना ती पुरत नाही, काहींना पुन्हा पुन्हा लागते. त्याच वर्षी इंग्लंडमधला एक अभ्यास आला. त्यात ४६५ मुलांना तीन वेगवेगळ्या पद्धतींचे उपचार दिले होते. एक विचार-वर्तनाची थेरपी, एक मनोविश्लेषणाची, आणि एक साधी, माहिती-आधार-दिनक्रम यांवर बेतलेली. तिन्हींचा परिणाम जवळजवळ सारखा आला. उपचारच न मिळालेला गट त्यात नव्हता, म्हणून फार मोठं विधान करता येत नाही. पण अमुक पंथाचा, तमुक पदवीचा थेरपिस्ट मिळाला तरच उपचार, नाहीतर नाही, हा हट्ट तरी सैल व्हायला हरकत नाही.

तो हट्ट सोडल्यावर काय करता येतं, हे शेजारच्या गोव्याने दाखवलंय. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून त्यांच्याकडून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. पद्धत तीच, तक्त्याची, वर सांगितलेली. तीन महिन्यांनी त्या गटातली ६४ टक्के माणसं आजाराच्या रेषेखाली आली होती, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातली ३९ टक्के. हे रुग्ण १८ वर्षांवरचे होते, हे विसरून चालणार नाही. म्हणून त्याच मंडळींनी दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत केलेलं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे नववी ते बारावीच्या २५० मुलांपैकी अर्ध्यांना अडचण सोडवण्याच्या पुस्तिका दिल्या आणि अर्ध्यांना पुस्तिकांसोबत शिकवलेला समुपदेशक. सहा आठवड्यांनी, मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या अडचणींचा जाच समुपदेशक मिळालेल्या गटात जास्त कमी झाला. मानसिक लक्षणांच्या सर्वसाधारण मोजपट्टीवर मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. थोड्या भेटींत मुलाला अडचणीची वाट दिसायला लागते, आजार उतरायला त्याहून जास्त काळ लागतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

आणि माझ्या शुक्रवारच्या तासाचं काय? ब्रिटनमध्ये ८० हून जास्त शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर असाच सरसकट प्रयोग झाला. वर्गशिक्षकांनी सगळ्या वर्गाला मन शांत ठेवण्याचे धडे द्यायचे. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या तासांपेक्षा त्याचा नैराश्य टाळायला काही उपयोग झाला नव्हता. सगळ्यांना थोडंथोडं वाटून दिलं की ज्यांना खरं हवं होतं त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही, हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही.

एक आक्षेप मी गावात वारंवार ऐकते. आमच्याकडे एवढी माणसं असतात घरात, आजी आहे, काकू आहे, मग बोलायला पैसे देऊन माणूस कशाला? आजीचं मोल मला ठाऊक आहे, मी आजीकडेच वाढले. पण आजीला सांगितलेलं आईला कळतं, आईला कळलेलं वडिलांना, आणि मुलाच्या दुःखात पुष्कळदा याच तिघांपैकी कुणीतरी असतं. शिवाय आजीचं प्रेम असं की नात रडायला लागली की ती गप्प करते. ‘रडू नको, सगळं चांगलं होईल.’ थेरपिस्टला रडू द्यायला शिकवलेलं असतं.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांचा मी आदर करते. मुलाच्या घरावर कर्ज असेल, वर्गात त्याला जातीवरून टोमणे बसत असतील, मुलीचं सोळाव्या वर्षी लग्न ठरवत असतील, तर ‘बोल, बरं वाटेल’ म्हणणं ही फसवणूक नाही का? दुखणं समाजाचं आणि उपचार मात्र मुलाच्या डोक्यावर? या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. जो समुपदेशक टोमणे मारणाऱ्या वर्गाबद्दल शाळेकडे चकार शब्द काढत नाही आणि त्या मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवत बसतो, तो उपचार करत नाही. पण ज्या मुलीचं लग्न ठरतंय तिने ते आधी कुणाला तरी सांगायला तर हवं. बालविवाह थांबवायला ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, बाल कल्याण समिती अशी सगळी यंत्रणा आहे, आणि ती हलते ती कुणी तरी सांगितल्यावर. नैराश्य आलेलं मूल सांगत नाही, कारण सांगून काही बदलेल असं त्याला वाटतच नाही. तो आजाराचाच भाग आहे. म्हणून अन्यायाशी लढणं आणि त्या मुलाशी बोलणं यांत मला निवड करायची नाही.

खरी अडचण मला दिसते ती गुपिताची. मूल बोलतं ते आपलं बोलणं बाहेर जाणार नाही या भरवशावर. आपल्या शाळांत खोली नसते. स्टाफरूमच्या कोपऱ्यात ‘ये, बस, काय झालं सांग’ असं चालतं आणि शेजारी दोन शिक्षक पेपर तपासत असतात. दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेला ठाऊक. मग कायद्याचा प्रश्न. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा १८ वर्षांखालच्या मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार पालकांना देतो. ज्या घरात मूल वडिलांच्या माराबद्दल बोलणार आहे, त्याच वडिलांची संमती हवी. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने १८ वर्षांखालच्या कुणाचाही लैंगिक संबंध, मग तो दोघांच्या मर्जीचा का असेना, कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक केलंय, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. अत्याचार झाकले जाऊ नयेत म्हणून हे कलम आलं आणि त्याची गरज मला मान्य आहे. पण सतरा वर्षांची मुलगी प्रेमभंगाने खचून समोर बसली की समुपदेशकाला तिचं वाक्य पुरं होण्याआधी सांगावं लागतं की पुढचं बोललीस तर मला कळवावं लागेल. ती तिथेच थांबते. दोन्ही कायद्यांत या वयाच्या मुलांसाठी थोडी वाट काढायला हवी: पहिल्या काही भेटी तरी पालकांच्या परवानगीवाचून घेता याव्यात, आणि जवळजवळ एकाच वयाच्या दोघांच्या मर्जीचा संबंध कळवण्याच्या सक्तीतून समुपदेशकाला सूट असावी. मुलाच्या जिवाला धोका असेल तर गुपित मोडायचं, हा नियम मात्र पहिल्याच भेटीत मुलाला सांगून पाळला पाहिजे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये शिकणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं त्यांत आहे. निकाल चांगला आहे. आता कोकणातल्या डोंगरावरच्या किंवा मेळघाटातल्या शाळेने कुठल्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचं, हे आपल्याला इथे बसून ठरवायचंय.

मला एक साधी वाट दिसते. आपल्या शिक्षण खात्यात शाळांची ‘केंद्रं’ आधीच आहेत, जवळजवळच्या शाळांचा एकेक गट आणि त्याला एक केंद्रप्रमुख. प्रत्येक केंद्राला एक समुपदेशक नेमावा. मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेला असेल तर उत्तम, नसेल तर गोव्याच्या धर्तीवर नीट शिकवलेला, स्थानिक बोली बोलणारा. आठवी ते बारावीचे वर्ग असलेल्या प्रत्येक शाळेत त्याचा वार ठरलेला असावा, म्हणजे मुलाला माहीत असेल की मंगळवारी ताई येणार. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मानसशास्त्रज्ञाने दर आठवड्याला त्याच्या कामाचा आढावा घ्यावा, आणि अवघड मूल वर पाठवायची वाट रुग्णालयापर्यंत मोकळी असावी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी समुपदेशक आजही आहेत, पण ते कंत्राटी आहेत. ज्या माणसाला येत्या मार्चनंतर आपली नोकरी राहील का हे ठाऊक नाही, त्याच्याकडे मुलाने ३६ आठवडे यायचं कसं? आणि हे काम शिक्षकाच्या गळ्यात घालू नये. जो गुण देतो, त्याच्यापुढे मूल उघडं होत नाही. आम्ही शिक्षकांनी अक्षर बदललेलं ओळखावं आणि योग्य दारापर्यंत सोबत जावं, तेवढं आमचं काम.

याला पैसे लागतील. मला हिशोब मांडता येत नाही, पण एवढं कळतं की आज तेवढाच खर्च घरं करतात, सोनोग्राफीवर, अंगाऱ्यावर, सुटलेल्या वर्षावर, आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. तोवर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येतं. वर्गात मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, पुसू देत नाही. पण घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांच्या खिशात असतो. मुलीने कुठून लावायचा?

आमच्या शाळेत जिन्याखाली एक खोली आहे. तिथे फाटक्या मॅट, कबड्डीच्या रेषा आखायची फक्की आणि जुने बाक असतात. ती रिकामी करून द्या, असं पत्र मी जानेवारीत दिलं. तालुक्याच्या रुग्णालयातल्या समुपदेशक बाई आठवड्यातून एक दुपार यायला तयार आहेत, त्यांच्या वरिष्ठांनी तोंडी हो म्हटलंय, लेखी यायचंय. संस्थेच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, दार बंद करून काय बोलणार मुलं? मी त्यांना त्या निबंधाच्या वहीबद्दल सांगितलं, नाव न घेता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझी नातसुद्धा हल्ली पोटात दुखतं म्हणते. जूनमध्ये खोली मिळणार आहे. खिडकी मैदानाकडे उघडते, तिला पडदा लागेल.